बालाजीचं ‘परत काय आलं?’

आमच्या शेजारच्या बालाजीला नुसतं ‘फोन केला होता’ एवढं सांगून कुणी सुटलंय, असं कुरुंद्यात अजून झालेलं नाही.

‘केला ना? मग परत काय आलं?’

‘आला न्हाई बाबा मेकॅनिक.’

‘न्हाई म्हणला, का फोनच उचलला न्हाई? दोन्ही येगळं असतं, नाना.’

माझी बोअरची मोटार जळालेली, हळद सुकून राहिलेली, अन् ह्याला वर्गवारी पाहिजे! डोकं फिरतं माणसाचं.

तसा त्याचा पोटाचाच धंदा तो. आपले मेसेज, बँकेचे व्यवहार दुसऱ्यानं वाचू नयेत म्हणून त्यांना कुलूप घालणारा एक तयार कोड असतो म्हणे. जगभरचे प्रोग्रामर तो वापरतात. त्यातलं कोणतं फंक्शन चालवलं की परत काय उत्तर येतं, त्याची माहिती बालाजी त्यांच्यासाठी घरी बसून लिहितो. दिवसभर तेवढंच.

‘मेसेजवरची सही तपासली अन् खरी निघाली तर एक येतं, नाना. खोटी निघाली तर शून्य. अन् तपासताच आली न्हाई तर वजा एक. लोकं काय करतात? शून्य न्हाई ना, मग खरीच, म्हणून वजा एकालाबी आत घेतात!’

‘मग?’

‘मग काय, चोर घरात!’ असं म्हणून गडी इतका हळहळला की चहा तसाच टाकून उठला.

असल्या पोराला पोरगी कोण देणार? त्यात गावात राहून काम. त्याचे वडील वारले तशी त्याच्या आईनं, आमच्या पार्वतीवहिनींनी, खाटच धरली होती. उन्हाळ्यात हिंगोलीचं एक स्थळ आलं. मीही गेलो होतो बघायला. पोहे झाले, अन् उठताना पोरीचे वडील म्हणाले, ‘कळवतो.’

आता ‘कळवतो’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बालाजीनं आईला सांगितलं, ‘न्हाई म्हणले न्हाईत. उत्तर यायचंय अजून.’

वहिनी खाटेवरून उठल्या. भिंतींना चुना लावून घेतला, भाकरी थापायला लागल्या. दिवेलागणीला रोज विचारायच्या, ‘कळवलं का रे?’

‘अजून न्हाई, आई.’

‘लेकरा, हा नकारच हाय,’ मी त्याला बाजूला घेऊन सांगायचो.

‘नकार आल्याबिगर नकार धरायचा न्हाई, नाना.’

वहिनी पुन्हा खाट धरतील, ह्या भीतीनं माझा जीव खालीवर व्हायचा. सगळा राग त्या हिंगोलीवाल्यावर.

परवा हळद घेऊन हिंगोलीच्या मार्केटला गेलो, तर तो समोरच. धरलाच त्याला. ‘न्हाई तर न्हाई म्हणायचं! म्हातारीला काहून टांगून ठेवलं?’

तो बघतच राहिला. ‘अहो, दुसऱ्याच दिवशी पोराला फोन करून साफ सांगितलं, पोरीला शहरात राहायचंय म्हणून. तोच म्हणला, बरं झालं सांगितलं, घरी मी बघतो.’



संध्याकाळी बालाजीला चार शब्द सुनवायला म्हणून त्याच्या घरी गेलो. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या.

‘भाऊजी, हिंगोलीला गेले होते म्हणं. भेटले का ते लोक?’

बालाजी कंप्युटरवरून उठून दारात आला. नुसता माझ्याकडं बघत उभा राहिला. लई वाईट वाटलं मला त्या पोराचं.

‘भेटले,’ मी म्हणालो. ‘विचार चालू हाय म्हणले, वहिनी.’

‘चालू दे की. घाई कुठं हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘बसा, गरम भाकर खाऊन जा.’

बालाजी माझं ताट आणायला आत गेला.