यंत्राला सांगणाऱ्या काकू

कुसुमकाकूंच्या घरात खुर्चीवरसुद्धा चिठ्ठी आहे: 'खुर्ची. लाकडी. एक पाय डुगडुगतो.' दाराजवळच्या वाटीवर: 'वाटी. शेजारच्या मांजरीची. दूध इथंच.'

पेणला रामवाडीत काकूंचा पोह्याच्या पापडांचा धंदा. मी सुनंदा, हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. त्यांच्याकडे पापड लाटते, तिथंच राहते. त्या वर्षी मागणी घटली होती. पावसाळ्यात काम बंदच असतं, पण नंतर तरी बोलावतील का, या काळजीनं मी रोज उरलेली पाकिटं मोजायचे.

धंद्याची वेबसाइट होती. पण मोबाइलवर शोधलं की इतरांचे पापड फोटो, भाव, वेळेसकट दिसायचे. आमची नुसती एक ओळ. काकूंचा भाचा रोह्याला कंपनीत. तो फोनवर म्हणाला, "मावशी, स्कीमा टाकावा लागेल. पानामागं, शोधून देणाऱ्या यंत्रासाठी लिहायचं: हा पापड, हा भाव, ही दुकानाची वेळ."

"हात्तिच्या! नव्या सुनेला घर दाखवायचं, एवढंच ना?"

"शिफ्ट संपली की करतो."

"तुझी शिफ्ट संपायची नाय. मीच करते."

आणि सत्तरीच्या काकू खरंच बसल्या. महिरपी कंस, अवतरणचिन्हं. मला ती रांगोळीच वाटायची. तपासणीत लाल अक्षरं आली की त्या पडद्याला दटावायच्या, "नीट बघ रे, पापडच हाय तो!" हात बसावा म्हणून घरभर चिठ्ठ्या सुरू झाल्या.

मी सुचवलं, "पापड सगळ्यात भारी, असं लिहा की."

"नाय गो! पानावर नाय ते यंत्राला सांगायचं नाय. आणि खरं नाय ते कुणालाच नाय."

एका दुपारी हिरवी खूण उमटली. काकूंनी पडद्यासमोर साखर ठेवली, मी हात जोडले. पुढं शोधात आमचा पापड भावासकट झळकला, तेव्हा मी तोंडात बोटच घातलं. जिते, रोहा, कुठून कुठून फोन यायला लागले. काकू पापडाचं चटकन उरकायच्या आणि समोरच्याच्या घरचं विचारत बसायच्या.

आभाळ भरून आलं तशी मी पिशवी भरली. पुन्हा बोलवाल ना, हे विचारायचं धाडस होईना. काकूही पाठमोऱ्या, चटया झटकत. "पोचल्यावर फोन कर," एवढंच.

गाडीत बसले तेव्हा दिसलं. पिशवीच्या बंदाखाली चिठ्ठी: 'पिशवी. सुनंदाची. दिवाळीआधी परत येते.'

खरं नाही ते काकू लिहीत नाहीत.

पोचल्यावर कर म्हणाल्या होत्या. मी गाडी हलायच्या आधीच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.