शरदभाऊंची नरम तबियत

शरदभाऊ महिन्यातून एकदा नेमाने आजारी पडायचे. त्यांचे शब्दही ठरलेले असत. 'जरा नरम हाय' म्हणजे उशिरा येणार. 'अंग मोडून राह्यलं' म्हणजे अर्धी सुट्टी. आणि 'छातीत कसंतरी होऊन राह्यलं' म्हणजे गोंदियाचा डॉक्टर, पूर्ण दिवस.

बालाघाटच्या आमच्या कचेरीत त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. त्यांच्या आजाराला मराठी बोलणारे सोंग म्हणत, हिंदीवाले बहाना, आणि साहेब नुसतेच 'नाटक'. माणूस ठणठणीत होता. दोन प्लेट पोहे संपवून भूकच लागत नाही म्हणून सांगायचा. एकदा ते छातीच्या उजव्या बाजूला हात धरून उभे राहिले. हृदय डावीकडे असतं, असं मी हळूच सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांनी बाजू बदलली आणि वर माझे आभार मानले.

गोंदियाला ते एकटे कधीच जात नसत. रस्त्यात काही झालं तर, म्हणून सुमनवहिनींना सोबत न्यायचे.

एकदा डोळे तपासायला मीही गोंदियाला निघालो, तर बसमध्ये ही दोघं. राजेगावपर्यंत वहिनींना डुलकी लागली होती आणि शरदभाऊ मजेत शेंगदाणे खात होते. वहिनी जाग्या झाल्या तसे ते कण्हायला लागले. माझं काम लवकर आटोपलं, म्हणून त्यांच्या दवाखान्यात डोकावलो. डॉक्टरांनी भाऊंची नाडी पाहिली न पाहिली. मग वहिनींना म्हणाले, आलाच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या. त्या कुरकुरत बसल्या. डॉक्टर बराच वेळ त्यांच्या छातीचे ठोके ऐकत राहिले. औषधं लिहिली तीही वहिनींचीच.

बाहेर आल्यावर शरदभाऊंनी मला बाजूला घेतलं. दोन वर्षांपूर्वी वहिनी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. हृदयाची झडप खराब निघाली. पण त्यांची आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नव्हती. तेव्हापासून वहिनी स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत नसत.

"माह्यासाठी येते," भाऊ म्हणाले. "सोतासाठी नाही येत."

त्याच वर्षी बढतीची यादी निघाली. हक्क शरदभाऊंचा होता. साहेबांनी 'भरवशाचा नाही' असा शेरा मारला आणि मोठ्या बाबूची खुर्ची त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या तिवारीला मिळाली. मला राहवलं नाही. साहेबांना खरं काय ते सांगा, मी सोबत येतो, म्हणालो.

त्यांनी समोरचा कागद सरळ केला.

"साहेबाची बाई अन् आमच्या घरची एकाच भजनात बसतात. दुपारपर्यंत गोष्ट घरी पोचन. मंग थे गोंदियाले येनार नाही. खुर्चीचं काय, बसाले माह्याजवळ हाय एक."

पुढच्या महिन्यात ते सुट्टीचा अर्ज घेऊन तिवारीपुढे उभे राहिले. "क्यों भाऊ, इस बार क्या हुआ?" तिवारीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. खोलीत हशा पिकला. मी एकटाच गप्प राहिलो असतो तर कुणीतरी कारण विचारलं असतं, म्हणून मीही हसलो.

शरदभाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं. हलकेच मान डोलावली, आणि सहीसाठी अर्ज पुढे सरकवला.