पाणमांजराच्या सुटकेची हकीकत

राज्ये बुडाली त्यांच्या बखरी लिहिणारे बहुत जाहले, परंतु टपाल कचेरीच्या खिडकीवर जो संग्राम जाहला त्याची दखल कोणी घेतली नाही, सबब तो येथे यथामति लिहिला असे.

ते समयी सरकार मेहेरबान होऊन कासव, सुसर, डॉल्फिन आणि पाणमांजर ऐशा दुर्मिळ जलचरांची तिकिटे निघाली आणि त्यांचे चित्र कचेरीच्या भिंतीवर लागले, आणि चिमणाबाईसाहेब, दुधाचे दात शाबूत, यांची नजर पाणमांजराच्या मिशांवर पडून उद्गार निघाला, "आई, बाबा बघ." बाबासाहेब नोकरीपायी दूर मुलुखी; मिशा तंतोतंत. मग चिमणाबाईंनी आयुष्यातील पहिला खलिता लिहिला, "बाबा ये", त्यातला "ये" उलटा, आणि फर्मान काढिले की पाणमांजर चिकटेल तरच खलिता जाईल, एरवी नाही. मातोश्रींनी वचन दिधले.

खिडकीचे किल्लेदार पोस्टमास्तर, चष्मा कपाळी आणि विद्वत्ता त्याहून वर, यांनी हुकूम फर्माविला की ती तिकिटे विक्रीस नाहीत. कारण की, दुर्मिळ आहेत.

"अहो, प्राणी दुर्मिळ आहेत. तिकिटं नाहीत."

"वाचता येतं ना बाई? वर काय छापलंय? अशी विकत सुटलो तर उद्या उरतील का?"

अक्कल वाटली गेली तेव्हा हे गृहस्थ जेवणाच्या सुट्टीवर असावेत. तहादाखल त्यांनी फुलाचे साधे तिकीट पुढे सारले, ते चिमणाबाईंनी बोटाने परत सारले, आणि मातोश्रींनी खिडकीशी ठाण मांडिले, आणि मागील रांगेतून एका आजोबांची कुमक आली, "देऊन टाका हो साहेब. कपाटात ठेवून पिल्लं देणारेत का ती?" किल्लेदार ढळले नाहीत. कपाटास कुलूप घालून किल्ली खिशात टाकिली.

मग चिमणाबाईंनी मातोश्रींची ओढणी ओढून जाहीर केले, "आई, शू आली."

कचेरीत मोरी होती, परंतु ती फक्त कर्मचाऱ्यांची. म्हणजे तीही दुर्मिळ. आणि चिमणाबाईंच्या पायांशी सरकारी पार्सलांची पोती.

"जरा दम धर गं पिल्ला."

"धरलाय. संपला."

किल्लेदारांनी पोत्यांकडे पाहिले, मग आवळलेल्या गुडघ्यांकडे पाहिले, आणि जलचरांचा हा रक्षक जलास भ्याला, आणि मोरीचे दार सताड उघडून म्हणाला, "आधी हिला आत न्या हो." त्यावर चिमणाबाई, पाय एकमेकांत गुंतवून, डोळे पाणावले असता, वदल्या, "आधी पाणमांजर."

तेव्हा किल्ली निघाली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तिकीट तिरके चिकटले, खलिता पेटीत पडला, मोरीही वेळेत गाठली. कासव, सुसर आणि डॉल्फिन हे किल्लेदारांच्या संरक्षणाखाली कपाटातच आहेत. त्यांची आशा सोडावी.