लेडी लॉक्स, सासूबाई आणि शेरीफचं रडार

ट्रे मागच्या सीटवर ठेवायचे की डिकीत, एवढाच प्रश्न होता हो! मी म्हटलं, मागच्या सीटवर. (डोळ्यांसमोर राहतील. राहिले. शेवटपर्यंत.)

मेहुणीचं लग्न. आमच्या पिट्सबर्गकडे नवरी कशी दिसते ते लोक नंतर बघतात, आधी कुकी टेबल! नात्यातल्या बायकांनी घरी भाजलेल्या कुकीज आणि प्रत्येक ताटासमोर करणारीच्या नावाची चिठ्ठी. मधोमध मान सासूबाईंच्या लेडी लॉक्सचा. क्रीम भरलेल्या नळ्या, नुसतं जवळ खोकलात तरी तडकतील. आठवडाभर बाई त्यातच होत्या. आणि हॉलवर न्यायचं काम कुणाकडे? माझ्याकडे!

"डॅरिल, सावकाश हं," सासूबाई म्हणाल्या. "आता शेरीफच्या पोरांकडेपण वेग मोजायचं रडार आहे. माझ्यामुळे!"

खरंच त्यांच्यामुळे. दारासमोरून गाड्या सुसाट जातात म्हणून काउंटीच्या प्रत्येक सभेत उभं राहून त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, शेरीफच्या पोलिसांनाही रडार वापरू द्या म्हणून; तोवर ते फक्त राज्य पोलिसांकडे असायचं.

"मॉम, याला सायकलवाले ओव्हरटेक करतात," माझी बायको मार्सी म्हणाली. "काळजीच नको."

निघालो. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. तेवढ्यात समोरून येणाऱ्या गाडीने दोनदा लाइट मारले. इकडे वाढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ माहीत, पुढे पोलीस! डोकं काही म्हणायच्या आत पायाने ब्रेक दाबला. कचकन!

मागे आवाज आला. मोठा नाही. चुर्रर्र. (अजून कुणी चिप्सचं पाकीट फोडलं तरी मला घाम फुटतो.)

झुडपामागून शेरीफचा डेप्युटी धावत आला. "काय झालं? कुत्रं आडवं आलं का?"

"तुमचं रडार आलं, साहेब! म्हणून ब्रेक मारला!"

"कशाला? ताशी पंचवीस मैलांची लिमिट, तुम्ही चौदावर. मला वाटलं मशीन बिघडलं."

मी मागे बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं आणि हळूच टोपी काढली. "लोरेटाबाईंचे?"

"हो, सासूबाईंचेच."

"हे बघा," कमरेला पिस्तूल असलेला तो माणूस कुजबुजला, "मी इथे नव्हतो."

हॉलवर सासूबाईंनी झाकण उघडलं आणि बघतच राहिल्या.

"मॉम, ते रडार..." मी सुरुवात केली.

"रडारला काही बोलायचं नाही!" आणि त्या रडायला लागल्या. आई रडते म्हणून नवरी रडली. मार्सी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

"पण मी चौदावर होतो!" मी ओरडलो. "चौदा! डेप्युटीला विचारा!"

सासूबाईंनी डोळे पुसले. सगळा चुरा काचेच्या मोठ्या भांड्यात ओतला, चमचा खोचला आणि भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. स्वतःच्या नावाची चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली आणि शांतपणे नवी लिहिली.

एवढी वर्षं या घरचा जावई आहे मी, पण त्यांच्या कुकी टेबलावर माझं नाव कधी लागलं नव्हतं. त्या दिवशी लागलं. पाहुणे नवरीला सोडून त्या चिठ्ठीचेच फोटो काढत होते.

"करणारा : डॅरिल. वेग : चौदा."