बँक काही नाही म्हणेना

"बँकेने वाढीव कर्ज दिलं, तर चार बेडरूमचं घर घेऊ आणि आईला आपल्याकडे आणू," असं ऑरिन हालवरसनने बायकोला सांगून टाकलं होतं. बँक कर्ज देणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणूनच तो इतका उदार झाला होता.

सासूला आणायचा हट्ट डार्लाचा होता. दोघींचं गूळपीठ होतं. पत्ते खेळायला बसल्या की उठायचं नाव नाही. घाबरायचा तो ऑरिन. त्याच्या आईने, ग्रेटाबाईंनी, डुलुथच्या शाळेत उभा जन्म व्यायाम शिकवला होता. पन्नाशी उलटलेला ऑरिन अजूनही आईचा फोन आला की हातातली बिअर सोफ्यामागे लपवायचा.

आणि मंगळवारी कर्ज मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी डार्लाला न सांगता तो बँकेत गेला. कर्ज बघणारी केंड्रा चोवीस-पंचवीसची हसतमुख पोरगी होती.

"अहो, नीट तपासलंत ना?" ऑरिनने विचारलं. "वीस वर्षं एकाच जागी कुजतोय मी. साधी बढती नाही."

"म्हणजे नोकरी पक्की!" केंड्राची बोटं संगणकावर नाचली.

"माझा ट्रक बघा. गंजून चाळण झालीय. दार दोरीने बांधलंय."

"म्हणजे गाडीचं कर्ज नाही. छान!"

ऑरिनने शेवटचा बाण काढला. "त्यात आई राहायला येणार. म्हातारं माणूस, खर्च वाढणारच की!"

"त्यांना पेन्शन आहे?"

"आहे ना, चांगली घसघशीत," ऑरिन बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"मग आधी नाही का सांगायचं! त्यांनाही अर्जात घेऊ. रक्कम आणखी वाढेल!"

संध्याकाळी केंड्राने घरी फोन करून डार्लाचं अभिनंदन केलं. डार्लाचे डोळे भरून आले. "आईंसाठी तू स्वतः जाऊन कर्ज वाढवून आणलंस? आणि मी समजत होते, तुला त्या नकोच आहेत!"

ऑरिनला आतून लाज वाटली.

शनिवारी ग्रेटाबाई सही करायला बँकेत आल्या. ऑरिन आणि डार्ला बाहेर थांबले, आणि केंड्राच्या खोलीत त्या बराच वेळ होत्या. बाहेर आल्या त्या ताठ मानेने.

"ती पोरगी म्हणते, पेन्शन भक्कम, डोक्यावर छदामाचं देणं नाही. मला एकटीलाच कर्ज मिळतंय! मग मी कशाला तुमच्या संसारात येऊ? माझं मी घर घेते."

"असं काय करता आई!" डार्ला रडवेली झाली.

ऑरिनचं तोंड मात्र उजळलं. "जाऊ दे गं, तिच्या मनासारखं होऊ दे. आई, घर कुठं बघितलंयस?"

"तुमच्या समोरचं. ते निळं, विकायला काढलंय ना, तेच. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचा दिवाणखाना अख्खा दिसतो. सोफ्याच्या मागचीसुद्धा बाजू."

दोघी बोलत बाहेर पडल्या तसा ऑरिन धावतच केंड्राकडे गेला.

"ते चार बेडरूमचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे ना? आम्हाला तेच हवंय. आजच सही करतो!"

केंड्राने संगणकात पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचं हसू मावळलं.

"सॉरी हो. तुमचा अर्ज आईंच्या पेन्शनसकट नव्याने केला होता. त्या अर्जातून बाहेर पडल्या, त्यात व्याजदरही चढला. आता तुमच्या पगारात ते कर्ज नाही बसत."

"अहो, पण माझी नोकरी पक्की आहे! गाडीचं कर्ज नाही!"

"मला कळतंय हो," म्हणत तिने टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात थोपटला. "आईसाठी किती धडपडलात तुम्ही. पण मनाला लावून घेऊ नका. त्या अगदी समोरच असणार आहेत ना!"