शून्य फॅटचं गाव

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात कापूस पार झोपला, तेव्हा शासनानं गावकऱ्यांच्या हृदयाची काळजी घ्यायचं ठरवलं. सायीच्या दुधानं चरबी वाढते, सबब प्रत्येक कुटुंबानं सायीचं की बिनसायीचं याची लेखी निवड करावी, असं परिपत्रक निघालं. ते घेऊन दुग्धारोग्य निरीक्षक वामनराव दुधातलं फॅट मोजायच्या यंत्रासह गावात उतरले.

आता हे सबंध गाव काळा चहा पिणारं. दुभती म्हैस एकच, हमीदाची. तिचंही दूध डेअरीत जायचं. दोन वर्षांच्या नातीसाठी, फरहासाठी, तेवढं एक गिलासभर हमीदा मागे ठेवायची. पोर अंगानं काडी होती. त्या गिलासावरच तिचं काय ते चाललं होतं.

वामनराव पहिल्याच घरी, मथुराबाईच्या ओसरीवर टेकले, तशी ती मागच्या दारानं हमीदाकडे धावली.

"हमीदाबी, गिलास दे वं! सायबाले काळा चहा कसा देऊ? गावाची इज्जत जाईन."

"फरहाचं हाय ते."

"भरूनच वापस देतो नं!"

हमीदाचा जीव तुटला, पण पाहुण्यापुढे नाही कसं म्हणायचं? गिलास गेला.

मथुराबाईनं चमचाभर दूध चहात घातलं, थोडं यंत्राच्या नमुन्याला दिलं, दिला शब्द पाळून तेवढंच पाणी ओतलं आणि गिलास परसातून शेजारच्या उत्तमसिंगकडे पोचवला. तिथून तो जमनीकडे गेला. साहेब पुढच्या दारानं निघत, गिलास मागच्या. प्रत्येक घर तो इमानानं काठोकाठ भरून पुढे देई.

पहिल्या घरी यंत्रानं सात फॅट दाखवलं, पाचव्या घरी तीन, नवव्या घरी एक. ओळीतल्या शेवटच्या घरी, धनसिंगकडे, काटा शून्यावर टेकला. वामनरावांनी धनसिंगचा हात हातात घेतला.

"परिपत्रक वाचायच्या आधीच अंमलबजावणी! कसं साधलंत हे?"

"सवय हाय सायेब आमची," धनसिंग म्हणाला.

मग साहेब हमीदाच्या अंगणात आले. तिथे त्यांना म्हैस दिसली. तिच्या धारेचा नमुना घेताच यंत्र पुन्हा सातावर गेलं.

"निर्मळ गावात जोखीम तेवढी ही एकच," त्यांनी नोंदवलं. "सबब जनावर जनहितार्थ यवतमाळला वर्ग."

"मंग माही नात काय पिईन, सायेब?"

धनसिंगकडून काठोकाठ भरून परत आलेला गिलास फरहाच्या हातात होता. वामनरावांनी तिला निरखलं. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. "वा! चरबीचा लवलेश नाही. आदर्श लाभार्थी! फोटो घ्या हिचा."

सगळं खरं हमीदाच्या ओठांवर आलं होतं. पण कुंपणाशी सारं गाव हात जोडून उभं होतं. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याबद्दल तिनं स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

म्हैस गेली. ग्रामपंचायतीत 'शून्य फॅट ग्राम' असं प्रशस्तिपत्र लागलं. फरहाचा फोटो मात्र दूरवर पोचला. बिनसायीच्या दुधाच्या पिशवीवर तो छापतात, खाली 'हलके राहा, निरोगी राहा' असं लिहून.

आज सकाळी दुकानात बराच विचार करून तुम्ही तीच पिशवी उचललीत. ओट्याशी उभं राहून कात्रीनं जो कोपरा कापलात, तिथेच फोटोतली फरहा बसली आहे. तिच्या हातातला गिलास भरलेला दिसतो.