भावांचं दार

हिवाळ्यात हार्लो हिलचं, संग्रहालय म्हणून जपलेलं शेकर गाव उघडं ठेवायचं की वसंतापर्यंत कुलूप लावायचं, हे त्या शनिवारी ठरणार होतं. विश्वस्तांचे अध्यक्ष ब्लॉजेट आणि बाकीचे विश्वस्त सपत्नीक पाहणीला येणार होते. कुलूप लागलं, तर वेंडेल पाइकला फ्लोरिडात मुलीकडे जाऊन उन्हात बसावं लागणार होतं. एवढं वाईट आपण काही केलेलं नाही, असं त्याचं मत होतं.

वेंडेल तिथला जुना मार्गदर्शक. गावात राहणारे शेकर या जुन्या ख्रिस्ती पंथाचे लोक कधीच काळाआड गेले होते, पण त्यांचे नियम वेंडेल पाळत होता. खुर्चीचं काम झालं की ती भिंतीवरच्या खुंटीला उलटी टांगायची. उंबऱ्यात आधी उजवा पाय. आणि प्रार्थनागृहात डाव्या दारानं भावांनी जायचं, उजव्यानं बहिणींनी. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्यांचा हा नियम वेंडेल सहलीला आलेल्या नवरा-बायकोंनाही लावी.

शनिवारी गुडघाभर बर्फ होतं. उजव्या दारानं बायका आत गेल्या. आत स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या लोर्नानं शेगडी पेटवून अ‍ॅपल पाय मांडून ठेवला होता. डावं दार मात्र उघडेना. वेंडेलनं खांदा लावून पाहिला आणि दार गोठल्याचं जाहीर केलं.

"मग त्या दारानं जाऊ या की," ब्लॉजेट म्हणाले.

"ते बहिणींचं दार आहे, साहेब."

"अरे, आतल्या बहिणींपैकी एक माझी बायको आहे."

"म्हणून तर," वेंडेल म्हणाला.

पुरुषमंडळी दारावर धडका देऊ लागली. दार हललं नाही. वारा झोंबायला लागला तसे सगळे आपोआप गोल करून उभे राहिले. कुणी पाय आपटले, कुणी हात झटकले. धीर सुटू नये म्हणून वेंडेलनं शेकरांचं एक जुनं भजन धरलं, आणि पाय तालात पडू लागले. अंगानं भारी असल्यामुळे ब्लॉजेट सगळ्यांत जास्त हिंदकळत होते.

आतून बायका हे खिडकीतून बघत होत्या. शेकर प्रार्थना करताना अंग घुसळून नाचत, एवढं लोर्नानं त्यांना नुकतंच सांगितलं होतं. दारावरच्या धडका त्यांना ठेका वाटल्या. भजन संपलं तशा टाळ्या पडल्या आणि हेस्टर ब्लॉजेट डोळे पुसत बाहेर आल्या.

"विन्स्लो, आपल्या लग्नात तू नाचाची दोन पावलं टाकली नव्हतीस रे."

ब्लॉजेटनी आधी वेंडेलकडे पाहिलं, मग बायकोकडे. "सराव करत होतो," ते म्हणाले.

तेवढ्यात डावं दार आतून उघडलं. "कडी होती हो," लोर्ना म्हणाली. "फटीतनं वारा येत होता, म्हणून मीच लावलेली."

ब्लॉजेटनी तिथेच निर्णय दिला. गाव हिवाळाभर उघडं राहील, पण दर शनिवारी हा नाच झालाच पाहिजे. नाही झाला, तर कुलूप.

पुढच्या शनिवारी दोन बस भरून लोक आले. पहिल्या रांगेत ब्लॉजेट पतिपत्नी होते. वेंडेलनं डावं दार ढकललं, तर ते निमूट उघडलं. दार उघडं असताना त्या थंडीत बाहेर नाचेल कोण?

तो आत शिरला आणि त्यानं कडी लावली. मग त्याच्या लक्षात आलं, की नाच बाहेर आहे आणि नाचवणारा आत. कडी काढावी, तर नाच बुडणार; उरलं ते उजवं दार. तिथून बायकांची रांग आत येत होती.

"जा की यांच्यातनं," लोर्ना म्हणाली. "कोण खातंय तुम्हाला?"

वेंडेलनं टोपी नीट केली, खुंटीवरची एक खुर्ची उतरवली, खिडकीखाली ठेवली आणि तावदान वर सरकवलं. बाहेर पडलेला पहिला पाय उजवाच होता. दुसरा मात्र चौकटीत अडकला आणि तो तोंडावर बर्फात पडला.

बाहेर सगळ्यांनी अदबीनं टोप्या काढल्या. चष्मा घातलेले एक गृहस्थ पुढे आले.

"खिडकीतून यायची ही प्रथा कधीपासूनची?"

पाहुण्यांना चुकीची माहिती वेंडेलनं आजवर कधी दिली नव्हती. त्यानं भुवयांवरचं बर्फ झटकलं.

"आज सकाळपासूनची," तो म्हणाला, आणि आत वळून ओरडला, "लोर्ना, ती खुर्ची टांग."